डब्याच्या झाकणावरची लवंग

सिंधूताईंची लेक रोशनी थंडी बनवते, एवढंच इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या गल्लीला ठाऊक. त्यामुळे मे लागला की शेजारच्या रुखमाबाई तिला कूलरची मोटर बघायला बोलावतात, आणि पोरगी पदवी विसरून जातेही.

तिची खरी थंडी मात्र प्रयोगशाळेत, काचेच्या निर्वात डबीत. तिथं रुबिडियमच्या अणूंचा ढग ती लेझरनं इतका गारठवते की थर्मामीटर टेकवला तर ढगच विरावा. मग ताप कळणार कसा? त्यात पोटॅशियमचे मोजके परके अणू सोडायचे आणि ते किती पसरतात ते पाहायचं. नव्या सुनेच्या तोंडावरून सासरचं हवामान ओळखतात ना, तसंच.

पण महिनाभर सून गायब होती. सोडताना अणू असायचे, फोटोत नसायचे. आजचा दिवस शेवटचा. उद्यापासून यंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार, आणि परक्या अणूंचा ठिपका दिसला नाही तर रोशनीनं पीएचडीचा विषय बदलायचा, असं सरांनी बजावलेलं. त्यात बाहेर ऊन भडकलेलं आणि यंत्राला गार पाणी पुरवणारा चिलर धापा टाकत होता.

दुपारी सोबतच्या अमोलनं तिला बळंच डबा उघडायला लावला. पडद्यावरची नजर न काढता रोशनी भातातली लवंग, दालचिनी वेचून झाकणावर ठेवत गेली.

"तू त जेवायच्या आधी सफाईच करून राहिली वं," अमोल म्हणाला.

तिचा हात थांबला. पहिल्या वर्षी ढग शुद्ध हवा होता, तेव्हा फोटोआधी परके अणू उडवून लावणारा प्रकाशाचा झोत तिनंच बसवला होता. सरांनी कौतुक केलेलं. तो झोत अजूनही दर फोटोआधी चालू होता, आणि कौतुक झालेल्या त्या पायरीवर संशय घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

तिनं झोत बंद केला. तेवढ्यात चिलरचा लाल दिवा लागला.

"एकच फेरी होईल," अमोल पुटपुटला. "मग यंत्र आपोआप बंद."

"होऊ दे गा."

ढग जमला. गारठला. अणू सुटले. पडद्यावर ढगाची काळोखी सावली उमटली आणि तिच्या मधोमध, पुसट पण ठाम, एक ठिपका. लगेच सगळं यंत्र बंद पडलं.

अमोल सरांना बोलवायला धावला. रोशनीनं झाकणावरची लवंग उचलली, तोंडात टाकली आणि चावत बसली.

सर फोटो बराच वेळ न्याहाळत होते. मग त्यांनी दुसऱ्या गटाला फोन लावला आणि यंत्र आम्हाला आणखी थोडे दिवस लागेल म्हणून सांगितलं.