डाव्या पायाचा निकाल

उखर्डू बऱ्हाटेच्या टाचेवरचा डाग पहिल्यांदा दिसला तो त्याच्या बायकोला. १९८६ सालचा उन्हाळा होता. केळीला पाणी भरून उखर्डू घरी आला, खाटेवर बसला, आणि कुंदाबाई त्याच्या पायावरचा चिखल धुऊ लागली. डाव्या टाचेच्या कडेला काजळाचं बोट टेकवावं तसा काळा ठिपका होता. पाण्यानं गेला नाही. नखानं खरवडला, तरी गेला नाही.

“हे काय झालं तुमाले?”

“कुरूप असीन. अनवानी चालनाऱ्याच्या पायाले काय कमय फुटीन?” म्हणून उखर्डू हसला. हसायला त्याला फारसं निमित्त लागत नसे. बोदवडपासून दोन कोसांवरच्या त्या गावात त्याचा आवाज कुठूनही ओळखू यायचा. कपाशी, ज्वारी आणि विहिरीच्या जोरावर थोडी केळी असं त्याचं शेत. घरात म्हातारी आई तानुबाई, कुंदाबाई आणि लग्नाला आलेली लेक सुनंदा. धाकटा भाऊ भटू जळगावला कचेरीत कारकून होता.

कुरुपावर करतात ते सगळं कुंदाबाईनं केलं. बिब्बा गरम करून चटका दिला. न्हाव्याकडून वरची कातडी काढून घेतली. डाग काही हटला नाही, उलट पसरला, आणि दिवाळीच्या सुमाराला त्यातून रक्त यायला लागलं. चुलीपासून ओट्यापर्यंत रक्ताचे ठसे पाहून भटूनं भावाला जळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डाग कापला आणि तुकडा तपासायला पाठवला. तपासणीचा कागद आला त्या दिवशी भटू घरी आला तो चपला न काढता उंबऱ्यातच उभा राहिला.

“गाठीचा आजार आहे, वहिनी. मुंबईला दाखवावं लागेल.”

कुंदाबाईला लिहितावाचता येत नव्हतं, पण दिराचं तोंड वाचता येत होतं. मुंबईच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात कुणाचा गाल गेलेला, कुणाच्या गळ्याला नळी, असे लोक रांगेत बसलेले पाहिल्यावर तिला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. भटू मात्र वर्षभर “गाठीचा आजार” असंच म्हणत राहिला, आणि तीही मान हलवत राहिली.

तिथं उखर्डूची अर्धी टाच काढली आणि मांडीची कातडी तिथं बसवली. गावी आल्यावर तो आत कापूस भरलेला बूट घालून चालायला शिकला. लोक पाहायला आले की म्हणायचा, “पहिल्यांदाच बूट घातला गड्या, तोबी एका पायात.” वर्ष चांगलं गेलं. पुढचंही बरंच गेलं. सुनंदाचं लग्न पहूरच्या मुलाशी ठरलं. मग एकदा अंघोळ करताना त्याच्या हाताला जांघेत गाठ लागली. पुन्हा मुंबई, पुन्हा चिरफाड. गाठी निघाल्या, पण तेव्हापासून पाय सुजायला लागला. संध्याकाळपर्यंत तो केळीच्या खांबासारखा व्हायचा. लेकीच्या लग्नात उखर्डू मांडवात खुर्चीवर बसून होता आणि पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवलेला. तरी पंगतीत वाढणाऱ्यांवर तिथूनच ओरडत होता.

१९९० च्या उन्हाळ्यात नडगीवर काळे दाणे उठले. आधी मोहरीएवढे, मग तुरीएवढे. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत माळच लागली.

या खेपेला मुंबईत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पाय पाहिला, फोटो पाहिले आणि भटूला बाहेर बोलावलं. भटू उठणार तोच उखर्डू म्हणाला, “बाई, पाय माहा आहे. जे सांगायचं ते मले सांगा.”

बाई थबकल्या. मग स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या.

“भाऊ, आजार परत आलाय, आणि तो कातडीखालून वर सरकतोय. हा पाय मांडीतून काढता येईल. पायावरच्या गाठी जातील, पुढं जखमा होणार नाहीत.”

“मग मी बरा होईन?”

“तसं मी नाही म्हणणार. आजार आधीच आत कुठं पोचला असेल, तर पाय काढून आयुष्य वाढणार नाही.”

“आन् पाय नही काढला तं?”

“सलाइनमधून इंजेक्शनं देता येतात. दर महिन्याला पाच दिवस इथं यायचं. उलट्या होतात, माणूस गळून जातो. पाचात एखाद्याला गुण येतो, तोही काही महिने. आणि यातलं काहीच नको असेल, तर घरी राहा. दुखणं कमी करायचं औषध आम्ही देऊ. तेही चुकीचं नाही.”

कुंदाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. बाईंनी एकदा तिच्याकडेही पाहिलं, जणू तिलाही काही विचारायचं असावं. पण तिला कुणी काही विचारलं नाही.

घरी आल्यावर भटू म्हणाला, पाय काढून टाकू, जे वाईट आहे ते घरात कशाला ठेवायचं. तानुबाई तिथंच कडाडली. तिची आधीची तीन लेकरं गेलेली. हा जन्मला तेव्हा त्याला उकिरड्यावर लोळवून तिनं त्याचं नाव उखर्डू ठेवलं होतं, देवाची नजर जाऊ नये म्हणून.

“उकिरड्यावर लोयवला तव्हा हातात राह्यला तो माह्या,” ती म्हणाली. “त्याले आता आर्धा करीसन आनता का रे? आर्धं शरीर घेऊन तो वर काय तोंड दाखवीन?”

निर्णय उखर्डूनंच दिला. “डाक्टरीनबाई म्हनते, पाय कापून आयुष्य वाढत नही. मंग जाता जाता पाय काबर देऊ? सुया घेऊ.”

कुंदाबाईला ते पटलं. निदान तेव्हा तरी पटलं.

सुयांनी उखर्डूला पिळून काढलं. दादरच्या धर्मशाळेत तो भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि ओकायचा. पोटात काही उरलं नाही तरी ओकायचा. पहिल्या महिन्यात दाणे थोडे सुकल्यासारखे वाटले. भटूनं जळगावहून पेढे आणले. तिसऱ्या खेपेनंतर दाणे पुन्हा टपोरे झाले, आणि पोळ्याच्या आधी नडगीवरचा सगळ्यात मोठा फुटला. डॉक्टरीणबाईंनी सुया थांबवल्या. पाय काढायची वाट अजून खुली आहे, असं त्यांनी पुन्हा सांगितलं. उखर्डू नाही म्हणाला.

मग जखम सुरू झाली.

ती तळहाताएवढी होती. काळी, ओली, कडा वर आलेल्या. सकाळ-संध्याकाळ कुंदाबाई पाणी उकळायची, औषध टाकायची, जुनी पट्टी भिजवून सोडवायची. पट्टी निघाली की रक्त यायचं आणि पटकन थांबायचं नाही. वास असा की उदबत्ती लावली तर उदबत्तीचाच राग यावा. माशा येऊ नयेत म्हणून पायावर मच्छरदाणीचा तुकडा बांधला होता. तरी एकदा पट्टी सोडताना तिला जखमेत काहीतरी हललेलं दिसलं. तिनं ते चिमट्यानं काढलं, पट्टी बांधली, गोठ्यामागं गेली आणि तिथंच बसून राहिली. त्या दिवसापासून तिच्या हातची भाकरी तिला स्वतःलाच खाववेना. साबणानं, राखेनं, चिंचेनं हात घासले तरी बोटांना तोच वास यायचा.

ओट्यावर बसणारी माणसं हळूहळू कमी झाली. उखर्डूचा जन्माचा सोबती चिंधा यायचा, पण वाऱ्याची दिशा बघून बसायचा. पहूरहून सुनंदा आली. ती तोंडाला पदर लावून बापाशी बोलली आणि मग स्वयंपाकघरात येऊन रडली. उखर्डू सगळं बघत होता. “मले तं काही वास येत नही,” असं तो ज्याला त्याला सांगायचा.

नवरात्रातली गोष्ट. कुंदाबाई पट्टी सोडायला गेली आणि रक्ताची चिळकांडी तिच्या लुगड्यावर, तोंडावर उडाली. कुंदाबाईनं जखमेवर फडकं दाबून धरलं. बराच वेळ धरून ठेवावं लागलं. रक्त थांबलं तेव्हा ती एकदम बोलून गेली.

“आता माह्यानं नही होत.”

उखर्डूनं तिच्याकडे पाहिलं.

“काय नही होत?”

“हे. हे धुनं. मले झोपीतबी हेच दिसतं. जेवाले बसली तं हेच दिसतं. तुमी म्हन्ता पाय कापून आयुष्य वाढत नही. नको वाढू दे. पन हे तं जाईन ना? ती बाई म्हने, जखम होनार नही. तेवढंच करा माह्यासाठी. मी तुमचं सारं बठ्ठं करीन, उचलून नेईन, आनीन. पन हे नका ठेवू माह्या हातात.”

बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. नवऱ्याचा पाय मागणारी बाई तिनं कधी ऐकली नव्हती. दारात तानुबाई उभी होती. म्हातारीनं सगळं ऐकलं होतं. ती आत गेली, आणि त्या दिवसापासून सुनेशी बोलायची बंद झाली.

उखर्डू दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं चिंधाला जळगावला पाठवलं. “भटूले सांग, गाडीचं पाह्य. पाय काढाले जायाचं आहे.”

शस्त्रक्रियेच्या दिवशी एका वॉर्डबॉयनं भटूला विचारलं, काढलेला पाय नेणार की आम्हीच विल्हेवाट लावू? त्यानं वहिनीकडे पाहिलं. “तुमीच लावा,” कुंदाबाई म्हणाली, आणि तोंड फिरवलं. घरी आल्यावर भटूनं आईला सांगितलं, पायाला रीतसर अग्नी दिला, मी स्वतः होतो. तानुबाईनं हात जोडले. कुंदाबाई चुलीत काटक्या सारत राहिली.

पाय गेला तशी घरातली हवा बदलली. मांडीचा खुंट भरून आला. पहिले काही दिवस उखर्डूला नसलेल्या पायाची बोटं खाजायची, आणि त्याची तो चिंधापाशी टिंगल करायचा. माणसं पुन्हा ओट्यावर टेकायला लागली. हिवाळ्यात त्यानं शेतात भरताचा बेत केला. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, पुऱ्या तळल्या जात होत्या, आणि खाटेवर बसून उखर्डू ओरडत होता, “मिरच्या कमी पडल्या रे! हे काय पाहुन्याचं भरीत आहे?” तो जोमानं जेवला. कुंदाबाईनंही खूप दिवसांनी पोटभर खाल्लं. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही.

माणसं पांगल्यावर तिनं विचारलं, “माह्यासाठीच कापला ना तुमी?”

उखर्डूनं विझत आलेल्या निखाऱ्यांवर काठी फिरवली.

“आर्धा तुह्यासाठी,” तो म्हणाला. “मलेबी वास येत होता व.”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुनंदा माहेरी आली. निंबाला झोका बांधला. उखर्डू दारात बसून पोरींची गाणी ऐकत होता, आणि मधेच त्यानं डोकं दाबून धरलं. दुसऱ्या दिवशी ओकारी झाली, सुया घेत होता तेव्हा व्हायची तशीच. जळगावच्या डॉक्टरांनी तपासून भटूला बाजूला घेतलं. या वेळी उखर्डू “मले सांगा” म्हणाला नाही. आजार डोक्यात गेला होता. मुंबईला न्यायचं का, असं भटूनं विचारलं तेव्हा कुंदाबाईच म्हणाली, “नही. आता घरीच.”

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही, पण जे दिवस राहिला ते वाईट होते. डोकं फुटायचं. गोळीचा अंमल उतरला की गुरासारखा हंबरायचा. एक डोळा मिटला. शेवटी शेवटी तो सुनंदाला आई म्हणायचा आणि आईला ओळखायचा नाही. कुंदाबाईला मात्र हाक मारायचा, कधी नावानं, कधी नुसतं “व”. त्या हाकेला ती दर वेळी उठून जायची. द्यायला तिच्याकडे पाण्याशिवाय काही नसायचं. ज्येष्ठात एका दुपारी ती पाणी घेऊन गेली आणि त्यानं घोट गिळला नाही.

तिरडी बांधायला माणसं जमली तेव्हा तानुबाई पुढं आली.

“थांबा रे. माह्या पोराले आर्धा नही नेऊ द्यायची. पाय करा त्याले.”

म्हातारी म्हणाली, कणकेचा करा. भटू तिला समजावायला गेला, पण विधीला आलेले ब्राह्मण म्हणाले, तिच्या समाधानासाठी करा, काही बिघडत नाही. शेजारच्या ताईबाईनं परात भरून पीठ आणून दिलं. कुंदाबाई पुढं सरकली आणि मळायला बसली. बायका कुजबुजल्या, हिनं काय करावं, हिनं तर कापायला लावला. कुंदाबाईनं मान वर केली नाही. पीठ घट्ट मळून तिनं मांडी केली, गुडघा केला. पोटरीपाशी कणीक तुटायला लागली तेव्हा तानुबाई कण्हत खाली बसली आणि पाण्याचा हात लावत तिनं खालची बाजू धरली.

“एवढी सैल नको मयू,” ती म्हणाली. कित्येक महिन्यांनी सुनेशी बोललेला तिचा तो पहिला शब्द होता.

“बरं,” कुंदाबाई म्हणाली.

दोघींनी मिळून तो पाय पुरा केला. धोतराच्या फडक्यात गुंडाळून तो खुंटाला जोडून बांधला, आणि माणसांनी उखर्डूला उचललं.

पाय उगाच कापला, असं गावात पुढे कित्येक वर्षं म्हणत. तरी मेलाच ना, म्हणत. कुंदाबाईच्या कानावर ते यायचं. शेत चिंधाकडे बटाईनं गेलं. सासू-सुना त्याच घरात राहिल्या, गरजेपुरतं बोलत, एका ताटलीत भाकरी मोडून खात.