शेख सरांच्या खिशातली बाटली

शेख सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ग्लिसरीनची बोटभर बाटली असायची. पोरं म्हणत, सरांचे ओठ फार फुटतात. बाटली तिथं कशी आली ते मला विचारा. सर गेले, आता सांगायला हरकत नाही.

खामगावच्या कॉलेजात मी फिजिक्सच्या प्रयोगशाळेत परिचर होते, तीही रोजंदारीवर. शिक्षण सातवी, बाकी जे आलं ते झाडता-पुसता ऐकून. सर रोहिणखेडचे. टेबलावर त्यांचं केसाएवढ्या बारीक काचेच्या तारेचं रीळ, चांगलं बारा किलोमीटरचं. एका टोकातून लेझरचा उजेड सोडायचा आणि मागं किती परत येतो ते मोजायचं.

"बाई, उजेड कमी असला का गुपचूप निंघून जाते," ते सांगायचे. "जोर वाढवला का काच आपला स्वभाव दाखवते. उजेड काचेच्या कणाले थोडी ताकद देते अन् सोताचा रंग बदलते, ते रामन प्रकीर्णन. ब्रिलुआँचं अलग. त्यात उजेडानं काचच थरथरते, आवाजाची लाट उठते, अन् ते लाट उजेडाले वापस पाठवते."

"मंग तो आवाज आपल्याले काऊन येत नाही?"

"आला असता तरी तुमच्या इथं दिवसभर चालनाऱ्या रेडिओपुढं कोनाले आयकू आला असता?"

माझं काम एकच. तारेचं दूरचं टोक ग्लिसरीनच्या कुपीत बुडवून ठेवायचं. टोक कोरडं राहिलं तर तिथूनही थोडा उजेड मागं फिरतो आणि सगळं मोजमाप बिघडतं.

एकदा मी आठ दिवस पिंपळगाव राजाला भावाकडे गेले. परतले तर कॉलेजात पेढे. पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या जोरावरच सरांच्या तारेतून उजेड मागं उसळायला लागला होता, रोज तेच आकडे. कित्येक वर्षं रखडलेल्या पीएचडीला नवं काही सापडलं. विद्यापीठात निबंध वाचायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी टेबल पुसताना मी ती तपकिरी कुपी उचलली. हलकी लागली. जायच्या दिवशी मीच धुतली होती आणि घाईत रिकामीच ठेवून, टोक आत सोडून गेले होते. गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? नोकरीही जाईल, हेही मनात येऊन गेलं.

"सर, कुपी रिकामी व्हती. मीच ठेवली."

सर रागावले नाहीत. कुपी भरली, टोक बुडवलं, जोर हळूहळू वाढवत नेला. पुस्तकातला आकडा येईपर्यंत काही नाही. तिथं आल्यावर काटा उसळला. सरांनी चष्मा काढला.

"पुस्तकच खरं निंघालं, बाई."

"कोनाले कयलं नसतं, सर."

"काचेले कयलं व्हतं ना."

निबंध त्यांनी मागं घेतला. प्राचार्य म्हणाले, "शेख, आता पेढे वापस करता का?"

"पचले ते पचले, साहेब. टोक पाह्याचं माह्याच्यानं राहून गेलं." माझं नाव कुठंच नाही. पीएचडी मात्र पुढं झालीच नाही.

त्यानंतर बाटली खिशात आली. रोज टोक स्वतः बुडवू लागले. मला लागलं ते, एक दिवस बोललेच, "माह्यावर भरोसा नाही काय आता?"

"तसं नाही बाई. तुमची चूक एका दिवसाची. मी पाह्यलं नाही म्हनून आठ दिवसाची झाली. ते सात दिवस माहे."

सरांच्या निरोप समारंभात एका पोरीनं विचारलंच, "सर, खिशात ती बाटली कशाला?"

"थंडी सोसत नाही मले," सर म्हणाले.

मे महिना होता. खामगावचं ऊन, पंख्याची हवासुद्धा भाजत होती. सगळा हॉल हसला. सरांनी मागच्या दाराशी उभ्या माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बाटली पेनाशेजारी नीट सरळ केली.