टायर उन्हाळ्यात मरतो

"टायर उन्हाळ्यात मरतो साहेब, कळतं हिवाळ्यात," असं म्हणून चाचा टायरच्या कडेवर चक्क थुंकायचे आणि बाहीने पुसायचे. धूळ निघाली की रबरावरचे चार आकडे दिसत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायरची जन्मतारीख. चाचांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण हे चार आकडे पाहून ते टायरची कुंडली सांगत.

मुसफ्फा या औद्योगिक वस्तीतल्या आमच्या कंपनीच्या अकरा बस कामगारांना कॅम्पवरून साइटवर नेत. त्या बसचे टायर बघायला चाचा होते. दापोलीकडचे, पंचावन्नच्या पुढचे. मी परचेसमध्ये. गल्फमध्ये राहिला असाल तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल: सगळ्यांना हवा असतो, पण ऑफिसच्या गालिच्यावर कोणाला नको असतो.

माझ्या गाडीचे टायर बदलायचे होते तेव्हा मी त्यांना सोबत नेलं; माझी मुलगीही बरोबर होती. दुकानदाराने काळा कुळकुळीत टायर पुढे केला. "नक्षी बघा, एकदम नवी. ऑफरमध्ये देतो."

चाचा थुंकले, पुसले, हसले. "हा तुमच्या लेकीच्या वयाचा आहे."

माझी सात वर्षांची मुलगी किंचाळली, "बाबा, ही स्पॅट ऑन इट! थुंकले ते!"

चाचांनी तिला जवळ बोलावून रबरावर नख दाबायला सांगितलं. "दगडासारखं लागतं ना? नक्षी आहे, पण जीव नाही. इथे बर्फ पडत नाही बेटा, पण हिवाळ्यात पहिला पाऊस पडला की रस्त्यावरचं वर्षभराचं तेल आणि वाळू वर येते. मग बर्फच तो." पाणी बाहेर फेकणाऱ्या रुंद, सरळ खाचांचे चार ताजे टायर त्यांनी निवडले. मी चहाला चला म्हटलं, तर कपडे तेलकट आहेत म्हणाले आणि बसस्टॉपकडे निघून गेले.

नोव्हेंबरात ते माझ्या टेबलाशी आले. पुठ्ठ्यावर चार बसचे नंबर लिहून आणले होते. "उन्हाने रबर तडकलंय. पावसाआधी बदला." मी रिक्वेस्ट टाकली. ट्रान्सपोर्ट मॅनेजरने ती परत पाठवली: नवीन वर्षात बघू. त्याच आठवड्यात त्याच्या बायकोच्या गाडीला नवे टायर बसले. बसवले चाचांनीच.

तरीही ते मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मी आणि ऑफिसातले दोघे-तिघे तिथेच होतो. मॅनेजरने आधी दारात वर्तमानपत्र अंथरायला लावलं आणि चाचांना त्यावर उभं केलं.

"नक्षी तो है ना?"

"है साब. लेकिन रबर खलास है."

"कैसे पता? थूक के?" मॅनेजर आमच्याकडे बघून म्हणाला, "देखो, ये आदमी थूकने की सॅलरी लेता है."

सगळे हसले. मीही हसलो. चाचांनी पायाखालचं वर्तमानपत्र नीट घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि बाहेर गेले.

डिसेंबरात एका सकाळी पाऊस आला. अल रीमच्या घरून मी ऑफिसला निघालो. पुढच्या गाड्या घसरत होत्या. माझी गाडी तसूभरही घसरली नाही. ऑफिसात पोचलो तेव्हा कळलं, चाचांच्या पुठ्ठ्यावरची सात नंबरची बस वळणावर फिरून खांबावर आदळली. एक गवंडी जागीच गेला. चाचा त्याच बसमध्ये होते. त्यांचा उजवा हात कोपरापासून चिरडला.

हॉस्पिटलमध्ये मी विचारलं, "चाचा, तुम्हाला माहीत होतं, मग त्या बसमध्ये बसलात कशाला?"

"कॅम्पवरून दुसरी कुठे होती साहेब?"

चार दिवसांनी मॅनेजरने मला तपासणीचं रजिस्टर दिलं. नोव्हेंबरच्या तारखेचं, पण नवं करकरीत. प्रत्येक बससमोर इंग्रजीत लिहिलेलं होतं: टायर सुस्थितीत. खाली चाचांच्या सहीची जागा मोकळी. "तुम्हारी भाषा का है. तुम जाओ."

मी हॉस्पिटलमध्ये गेलो. चाचांनी पान उलटसुलट पाहिलं. "काय लिहिलंय?"

"टायर ठीक होते, असं."

त्यांनी पान माझ्याकडे परत सरकवलं. "नाही केली सही तर?"

मला जे सांगायला सांगितलं होतं ते मी सांगितलं. त्यांचा जावई आमच्याकडेच वेल्डर होता. "पुढच्या महिन्यात त्याचा व्हिसा रिन्यूला आहे."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. मॅनेजर तिथे नव्हता.

चाचांनी डाव्या हाताने पेन धरलं आणि मराठीत वाकडीतिकडी सही केली. मी रजिस्टर घेऊन आलो. मॅनेजरने जुन्या कागदांशी ताडून पाहिलं. "ये मॅच नहीं करता. दूसरा पेज बनाओ. फिर से लाओ."

"सर, उनका दाहिना हाथ..."

"तो प्रॅक्टिस कराओ. यल्ला, जल्दी."

मी पुन्हा गेलो. चाचांना निरोप सांगितला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आज नको. दोन दिवस द्या. आणि एक पेन ठेवून जा."

दोन दिवसांनी वॉर्डात शिरलो तर चाचा पलंगावर मांडी घालून बसले होते. उजव्या हाताला खांद्यापर्यंत प्लास्टर. मांडीवर औषधांच्या खोक्याचा उलगडलेला पुठ्ठा, आणि त्यावर वरपासून खालपर्यंत त्यांचंच नाव. वरच्या ओळी लहान मुलाने काढाव्यात तशा. खाली येता येता अक्षर सुधारत गेलेलं.

मला पाहून त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"बघा साहेब," ते म्हणाले, "आता जमलंय."