डिझेलची वाफ

माझी थोरली वहिनी पेट्रोल पंपावर कामाला लागली, तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की चार महिन्यांचा प्रश्न आहे. दादा घरं रंगवायचा. परांचीवरून पडून त्याची कंबर गेली आणि तो उभा राहीपर्यंत वहिनीने घर ओढायचं, असं ठरलं. दादाची कंबर काही धड झाली नाही आणि वहिनी पंपावरच राहिली.

संध्याकाळी घरी आली की ती दारातल्या पायरीवर बसून बूट काढायची आणि बूट हातात घेऊन तशीच बसून राहायची. दादा आतून विचारायचा, “आलीस का?”

“पाय आलेत,” ती म्हणायची. “मी येते मागून.”

अंगाला येणारा डिझेलचा वास तिला स्वतःला केव्हाचाच येईनासा झाला होता. झाकण उघडायचं, नोझल लावायचं, “मीटर शून्यावर आहे, बघून घ्या” म्हणायचं, झाकण लावायचं. समोरची गाडी कुठल्या रंगाची होती, हेही तिला पुढची गाडी येईपर्यंत आठवत नसे.

त्या सकाळी हाडं गोठवणारा गारठा होता. डोंगराकडच्या रस्त्याने एक जुनी गाडी आली. चालवणारा माणूस उतरला तो डोळे चोळतच.

“टाकी फुल करा, मावशी. डिझेल,” तो म्हणाला. “मागे आई झोपलीय, तिच्या पायाला प्लास्टर आहे. मी जरा तोंडावर पाणी मारून येतो.”

वहिनीने नोझल लावलं. मीटर पळायला लागला आणि टाकीच्या तोंडातून पांढरी वाफ बाहेर आली. उकळत्या पातेल्यावरचं झाकण सरकवल्यावर येते तशी. ती गाडीच्या अंगावरून ओघळत वहिनीच्या बुटांपर्यंत पोचली. पेट्रोल भरताना टाकीशी हवा थरथरते, ते वहिनी रोजच बघायची. पण डिझेलच्या गाडीतून असलं काही निघालेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. कुणी चुकून पेट्रोल घातलं असेल का? आत काही तापलंय का? कामाला लागताना त्यांना आगीची एक फिल्म दाखवली होती, तीच डोळ्यांपुढे आली.

तिने भरणं थांबवलं. वाफ थांबेना. मग ती धावत खांबापाशी गेली, लाल बटण दाबलं आणि ओरडली, “लांब व्हा! सगळे लांब व्हा!”

पंपावरची सगळी यंत्रं एकदम गप्प झाली. लोक गाड्या सोडून रस्त्याकडे पळाले. वहिनीही निघाली होती. पाच-सहा पावलं गेली असेल, आणि तिला मागच्या सीटवरची म्हातारी आठवली.

ती परत फिरली. दार उघडलं, म्हातारीच्या काखेत हात घातले आणि ओढून बाहेर काढलं. तिला पाय टेकवता येईना, म्हणून सरळ उचललंच. वहिनी अंगाने किरकोळ, म्हातारी चांगली भरलेली. कुंपणाच्या कट्ट्यापर्यंत नेऊन तिने तिला बसवलं.

म्हातारी आता कुठे नीट जागी झाली. इकडे तिकडे बघत म्हणाली, “पोचलो का गं?”

तेवढ्यात तोंड पुसत मुलगा आला. गाडीचं दार सताड उघडं, आत आई नाही. बिचाऱ्याच्या हातातला रुमालच गळला.

पुढचं सगळं फार लवकर उरकलं. शेजारच्या गॅरेजमधला मेकॅनिक आला, टाकीत डोकावला, वास घेतला आणि हसला. “अहो, काही नाही. गाडी लांबून आलीय. इंजिनाकडून परत येणारं डिझेल टाकी गरम करतं. नवीन डिझेल आत गेलं, तशी आतली गरम हवा बाहेर ढकलली गेली. बाहेर हा असा गारठा. आत्ता तुमच्या माझ्या तोंडातून निघतेय ना वाफ, तसंच.”

लोक हसायला लागले. मॅनेजर मात्र तापला. यंत्रं पुन्हा सुरू होईपर्यंत गाड्यांची रांग पार वळणापर्यंत गेली होती. “एवढ्याशा वाफेपायी सगळा पंप बंद?” तो म्हणाला. दुपारपर्यंत वहिनीचं नाव ‘वाफवाल्या बाई’ पडलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिला उठताच येईना. तिच्याही कंबरेत उसण भरली होती. मी गेले, तर दोघं नवरा-बायको शेजारी शेजारी उताणी पडलेली, छताकडे बघत.

“पळून जायचं होतंस,” दादा तिला म्हणाला. “कुणी काही बोललं नसतं.”

“पळालेच होते की.”

“मग परत फिरलीस ती काय विचार करून?” मी विचारलं.

वहिनी म्हणाली, “विचार कसला? उचलल्यावर एकच आलं मनात, म्हातारी जड आहे.” मग डोळे मिटून म्हणाली, “उशी जरा सरकव गं.”

पुढच्या आठवड्यात मॅनेजर घरी आला. दादाने भिंतीला धरून धरून चहा केला. मॅनेजर कपातच बघत होता.

“त्या दिवशी मी रस्त्यापाशीही नाही थांबलो, ताई,” तो अखेर म्हणाला. “पार पलीकडच्या दुकानात शिरलो होतो. माझी आई असती गाडीत, तरी शिरलो असतो की काय, कुणास ठाऊक.” त्याने कप खाली ठेवला. “डॉक्टरांनी उभं राहू नका म्हटलंय ना? बिलाच्या खिडकीत बसा आता. तिथली मुलगी नोकरी सोडून चाललीय.”

आता वहिनी काचेमागे बसते. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम तिच्याकडे गेले. ती आली, आणि मान चोळत म्हणाली, “बसून बसूनही माणूस इतकं दमतं, हे कुणी सांगितलं नव्हतं गं मला.”