आत्याबाईंची नाव आणि जेवणाचं टेबल

आमच्या घरात सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल आहे आणि गेले आठ महिने आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवतो. कारण टेबलावर आत्याबाई राहतात. झोपतात आपल्या खोलीतच, पण त्यांचं सगळं जगणं टेबलावर.

आत्याबाई म्हणजे यांच्या सख्ख्या आत्या. वय एकाहत्तर. लग्न केलं नाही. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होत्या. पुढ्यात भोकंच भोकं असलेली फळी आणि दोन्ही हातांत वायरी. या भोकातली वायर त्या भोकात खोचली की कुठल्यातरी गावचा मुलगा कुठल्यातरी गावच्या आईशी बोलायचा. "जन्मभर दुसऱ्यांची टोकं जोडली," त्या म्हणतात, "आता स्वतःच्या हौसेची जोडते."

त्या नोकरीने म्हणा की वयाने, दोन्ही कान गेले. दोन्ही कानांत यंत्रं आली आणि यंत्रांच्या मागोमाग घरात शिरले ते सेल. शर्टाच्या बटणाएवढे, गोल, चकचकीत. कानात टुणटुण झालं की जुना काढायचा, नवा घालायचा. जुना फेकून द्यायचा असतो. पण फेकणं आत्याबाईंच्या रक्तात नाही.

"यंत्राच्या मते हा मेला," पहिला सेल चिमटीत धरून त्या म्हणाल्या होत्या. "माझ्या मते निवृत्त झाला. निवृत्त माणसाकडून थोडंफार काम करून घ्यायला काय हरकत आहे?"

तिथून सुरुवात. मिठाच्या बरणीचं झाकण उघडं राहिलं की लाल दिवा लागू लागला. यांच्या चपलांच्या टाचेत दिवे आले, आणि हे ऑफिसच्या जिन्यात लुकलुकत चढतात असं ऐकते. माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात खुणेची पट्टी असते, तिच्या टोकाला मोहरीएवढा दिवा बसला. तो मात्र मला फार आवडला, खोटं कशाला बोलू. भिंतीतल्या विजेला त्या हात लावत नाहीत. "भिंतीला जोडलेली वस्तू भिंतीची. खिशात मावते ती आपली."

टेबलाचं काय झालं ते सांगते. आधी एका कोपऱ्यावर चिमटे आणि वायरी आल्या. मग वायरी जोडायला डाग द्यायची गरम कांडी आली, तिच्याखाली बशी आली, बशीखाली फरशीचा तुकडा आला. मग उघडलेले रेडिओ, मोडकी खेळणी, बिनकाट्यांची घड्याळं. एक दिवस मी भाजीचं पातेलं टेकवलं तर टेबल वाजलं. त्या दिवसापासून आम्ही कोचावर.

मी रोज सकाळी देवापुढे बसते तेव्हा कुणाचं वाईट मागत नाही. पण हळूच म्हणायचे, देवा, आत्याबाईंना उदंड आयुष्य दे, आणि जमलं तर टेबल परत दे.

देवाने ऐकलं, पण घड्याळकाकांच्या तोंडून.

घड्याळकाका म्हणजे कोपऱ्यावरचे घड्याळ दुरुस्त करणारे. बागेतल्या गोल हौदाशी महिन्यातून एका रविवारी हौशी मंडळी आपापली यंत्रं घेऊन जमतात, त्यांचे हे म्होरके. आत्याबाईंचं आणि त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आत्याबाई त्यांना तोंडावर टिकटिकराव म्हणतात.

"ऑपरेटरबाई," ते एकदा आमच्याच कोचावर बसून म्हणाले, "कानातलं बटण चपलेला ठीक आहे. मोटर फिरवायला दम लागतो."

"किती दम?"

"हौद ओलांडेल एवढा."

"ओलांडते."

हे तेव्हा शर्टावर सांडलेला रस्सा पुसत होते. ते पुसता पुसता म्हणाले, "आत्या, पैज लाव. तुझी नाव पलीकडच्या कठड्याला टेकली तर टेबल कायमचं तुझं, मी ब्र काढणार नाही. नाही टेकली तर सगळा बाजार कपडे धुण्याच्या मशीनवरच्या फळीवर."

ती फळी हातभर लांब आहे आणि त्यावर साबणाचे डबे आहेत. आत्याबाईंनी एकदा टेबलाकडे बघितलं, एकदा यांच्या शर्टाकडे. "लागली," म्हणाल्या. आवाज जरा बारीक झाला होता.

मला आतून गुदगुल्या झाल्या. माझ्या रोजनिशीच्या वहीत त्या दिवशी मी फक्त एवढंच लिहिलं आहे : देव आहे.

नाव झकास झाली होती. साबणाची डबी हे तिचं अंग, मोडक्या टेपरेकॉर्डरची इवली मोटर, पत्रा कातरून केलेला पंखा. चार निवृत्त सेल औषधाच्या चपट्या डबीत बसवलेले. पाणी जाऊ नये म्हणून डबी मेणबत्तीच्या मेणाने बंद. टेबलावर पंखा असा भिरभिरायचा की कागद उडायचे. न्हाणीघरातल्या टबात सोडली की मात्र दोन मिनिटं फुर्रकन धावायची आणि मग मध्येच थांबायची. बाहेर काढून डबी उघडली, सेल तपासले की परत ठणठणीत.

"टेबलावर जिवंत, पाण्यात मेलेली," आत्याबाई म्हणाल्या. "पाणी शिरतंय." त्यांनी मेण वाढवलं. नाव दीड मिनिटात थांबली. आणखी मेण. एक मिनिट. शेवटी डबीचा लाडू झाला आणि नाव टबाच्या कडेपासूनच हलेना.

शनिवारी दुपारी त्यांनी कानातली यंत्रं काढून टेबलावर ठेवली. आत्याबाई भांडत नाहीत, रुसतात, आणि रुसल्या की कान काढून ठेवतात. मग आपण समजूत घालायची ती कुणाची? मी चहा नेऊन ठेवला. त्या एकेक चिमटा पुसून खोक्यात भरत होत्या. फळीवर काय काय मावेल याचा अंदाज घेत असाव्यात. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण चहा गार होईपर्यंतच टिकला.

रविवारी सकाळी कान घालून त्या माझ्याकडे आल्या.

"सूनबाई, तुझ्या वहीत बघ गं, सेलचं पहिलं पाकीट कधी आणलं? मला वाटतं म्हाताऱ्या सेलांचाच दोष आहे."

माझ्या वहीत सगळं असतं. मी पानं उलटली. यंत्रं बसवली त्या दिवशीचं पान निघालं. दवाखान्यात मीच सोबत होते, आणि आत्याबाईंना काही ऐकू येत नाही म्हणून डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं होतं. तारीख होती. तारखेखाली माझ्याच अक्षरात होतं : "सेलवरची चिकटपट्टी काढली की मिनिटभर उघडा ठेवावा. हा सेल हवेवर चालतो. हवा मिळाली नाही तर थांबतो."

मी ते वाचलं. परत वाचलं. डोळ्यांपुढे मेणाचा लाडू आला.

"सापडली का?" आत्याबाईंनी विचारलं.

मी तारीख सांगितली आणि वही मिटली.

बस, एवढंच केलं मी. खोटं बोलले नाही. फक्त पुढच्या दोन ओळी वाचल्या नाहीत. मग देवापुढे बसले तर खुणेच्या पट्टीचा तो मोहरीएवढा दिवा लागला, आणि मला प्रार्थनेचा एक शब्द आठवेना.

बागेत गर्दी अशी नव्हती, वीसेक माणसं असतील. कुणाचं विमान, कुणाची आगगाडी. घड्याळकाका घड्याळ हातात घेऊन कठड्यावर बसले होते. "दोन संधी," ते म्हणाले, "बाई आहेत म्हणून नव्हे, सगळ्यांनाच दोन."

आत्याबाईंनी पर्समधून नाव काढली. मग शांतपणे आपल्या दोन्ही कानांतली यंत्रं काढली, त्यांतले परवाच घातलेले नवेकोरे सेल काढले आणि नावेतल्या दोन म्हाताऱ्यांच्या जागी बसवले. "आता बघू कोण म्हातारं म्हणतं," म्हणाल्या, जरा मोठ्यानेच, कारण आता त्यांना स्वतःलाही ऐकू येत नव्हतं. मग तिथेच मेणबत्ती पेटवली. वारा होता, म्हणून हे टोपी आडवी धरून उभे राहिले. पैज यांनी लावलेली, आणि आत्याच्या मेणबत्तीला आडोसाही यांचाच.

पहिल्या खेपेला नाव तीरासारखी सुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हौदाच्या मधोमध गेली आणि तिने बसकण मारली.

"एक झाली," घड्याळकाका म्हणाले. त्यांनाही ते बोलताना बरं वाटलं नसावं, घड्याळाकडे उगाच बघत राहिले.

मागे बांधलेल्या दोऱ्याने आत्याबाईंनी नाव ओढून घेतली. आणि त्यांनी परत मेणबत्ती पेटवली, आणखी मेण ओतायला.

मग मला राहवलं नाही. "आत्याबाई, मेण नको," मी म्हणाले. त्या मेण ओतत होत्या. "मेण नको, मेण काढा." ओतत होत्या. कान होते नावेत.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि चारचौघांत नाक दाबून धरलं. गाल फुगवले, डोळे मोठे केले, मासोळीसारखं तोंड उघडून मिटलं.

"अरे, हिला घेरी आली," आत्याबाई ओरडल्या. "पाणी आणा कुणीतरी."

यांनी मला धरलं. एका बाईंनी माझ्या तोंडावर खरोखरच पाणी मारलं. मी हात सोडवला, पदराची सेफ्टी पिन काढली आणि नाव उचलून त्या मेणाच्या लाडवात खुपसली. एकदा, दोनदा, पाचदा. डबीच्या झाकणाला आरपार भोकं पडली.

आत्याबाईंच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. त्यांना वाटलं, टेबलासाठी सुनेने नाव फोडली.

मी नाव उंच धरली, भोकांकडे बोट दाखवलं, छाती भरून श्वास घेतला आणि सोडला. परत घेतला, परत सोडला. मग एक बोट दाखवलं : एक मिनिट.

माझी छोटी प्रार्थना बरोबर एका मिनिटाची आहे. ती आता नीट आठवली. देव पाण्यात घालून बसणं म्हणतात ते मी जन्मात पहिल्यांदा हौदाच्या काठावर उभ्याने केलं. काय मागितलं ते लिहीत नाही, पण त्यात टेबल नव्हतं.

नाव सोडली. मधोमध गेली. मधोमध मागे पडलं. जरा डावीकडे कलली, एका पानाला धडकली, पान बाजूला झालं, आणि फुर्र करत ती पलीकडच्या कठड्याला अशी आपटली की टक् असा आवाज झाला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला, आत्याबाई सोडून. त्या घड्याळकाकांच्या तोंडाकडे बघत होत्या. घड्याळकाकांनी टोपी काढली आणि वाकले.

परतताना बाकावर बसून आत्याबाईंनी सेल कानांत परत घातले. "आता बोल. काय होते ते माकडचाळे?"

मी पिशवीतून वही काढून पान वाचून दाखवलं.

"हे मला कुणी कधी सांगितलं?"

"डॉक्टरीणबाईंनीच. तुमच्या तोंडावर."

"कधी?"

"यंत्र बसवायच्या आधी."

आत्याबाईंना हे समजायला दोन क्षण लागले. मग त्या हसायला लागल्या त्या थांबेनात. डोळे पुसत म्हणाल्या, "मला वाटायचं ती पट्टी म्हणजे नुसतं वेष्टण. बिचाऱ्यांना आठवडाभर गुदमरवलं मी."

मग मी उरलेलं सांगितलं. सकाळी वाचलं होतं, आणि टेबलासाठी गप्प बसले.

"टेबलासाठी?" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "अगं, टेबलासाठी मी तुझ्या नवऱ्याला विकलं असतं."

घरी आल्यावर कोचावर बसून जेवलो. रस्सा यांच्या शर्टावर सांडला, रोजच्याच जागी. ताटात तोंड घालून हे पुटपुटले, "देवा, आता मरेपर्यंत असंच."

"ब्र काढणार नाही म्हणाला होतास," टेबलावरून आवाज आला. "नवे सेल आहेत. सगळं ऐकू येतं मला."