पासपोर्ट मागायचा कसा

अबुधाबीतली पहिली चार वर्षं मी घरात काढली. व्हिसावर शिक्काच होता: गृहिणी, नोकरीस परवानगी नाही. पुण्यात ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली बाई मी, आणि सातव्या मजल्यावर दिवसातून तीनदा ओटा पुसत बसायची! आमचे हे सकाळी कंपनीच्या बसने मुसफ्फाच्या वर्कशॉपला जायचे ते संध्याकाळी सहाला यायचे. मधल्या वेळात एसीची घरघर आणि मी. माझा तर भिंतींनासुद्धा कंटाळा आला असेल.

त्यातून मला बाहेर काढलं ते एका वेल्श बाईने. एका क्लबच्या लायब्ररीत ती ग्रंथपाल होती. साठीला टेकलेली, पायात झिजलेल्या चपला, गळ्यात दोरीला चष्मा. पहिल्याच दिवशी मी तिला इंग्रज म्हणाले आणि अशी बोलणी खाल्ली की विचारू नका. "मी वेल्श आहे, आणि आमची भाषा वेगळी आहे," म्हणाली. ती भाषा शाळेत बोलली म्हणून तिच्या आजीने छड्या खाल्ल्या होत्या. ही बाई इथल्या पगारातून गावाकडच्या मुलांसाठी त्याच भाषेतली पुस्तकं छापून घ्यायची आणि फुकट वाटायची. वर्षानुवर्षं तिचं हेच चाललेलं. स्वतः राहायची एका खोलीत, आणि जेवायची म्हणजे टोस्ट आणि डब्यातलं सूप.

"तुझ्या भाषेतली पुस्तकं इथे का नाहीत?" तिने एकदा विचारलं. काय सांगणार, कप्पाळ! सुट्टीवरून येताना आमची माणसं लोणचं, पापड, कुळथाचं पीठ आणतात. सामानाचं वजन उरलं तर पुस्तक, आणि ते काही उरत नाही. बाईने नियमच करून टाकला. जो मराठी सभासद गावी जाईल त्याने येताना एक पुस्तक आणायचं. कपाट तिने स्वतःच्या खर्चाने करून घेतलं. बायकांनी नाकं मुरडली, पण आणली पुस्तकं. दोन वर्षांत कपाट भरलं. मी रोज सकाळी तिथे जाऊन कार्डं लिहायचे, सुटलेली पानं चिकटवायचे. पगारबिगार काही नाही, व्हिसाच नव्हता ना. पण त्या तीन तासांच्या जोरावर मी उरलेला दिवस ढकलायचे.

मग बाईची साठी आली. साठी झाली की करार खलास, आणि करारासोबत व्हिसाही. एक दिवस तिने मला समोर बसवलं. "माझ्या जागी तू. कमिटीला मी पटवलंय. पण मी असेपर्यंत तुझे कागद व्हायला हवेत. मी गेल्यावर कमिटीवाले कोणालाही घेतील, आणि तुमचं कपाट पहिलं अडगळीत टाकतील. माझ्या शेवटच्या बुधवारपर्यंत पासपोर्ट आण. दोनच दिवस लागेल मला तो."

पासपोर्ट! तो माझ्याकडे कुठला? आमचे दोघांचे पासपोर्ट ह्यांच्या कंपनीच्या तिजोरीत. बाईला ते खरंच वाटेना. तिने पर्समधून स्वतःचा पासपोर्ट रुमालासारखा काढला आणि म्हणाली, "असा जवळ ठेवायचा असतो." मला इतका राग आला तिचा!

ह्यांनी माझ्या नोकरीच्या एनओसीवर आनंदाने सही केली. पासपोर्टचं नाव काढल्यावर मात्र चेहरा पडला. त्यांच्या कंपनीत पासपोर्ट मागणारा माणूस म्हणजे पळायच्या तयारीतला माणूस. ह्यांच्या शेजारच्या टेबलावरच्याने मागितला, तो महिनाभरात कायमचा घरी.

"बायकोला नोकरी लागलीय म्हणून सांगा की सरळ!"

"अगं, मग तर मॅनेजर म्हणेल, बायको कमवायला लागली, आता हा सुटला."

"म्हणजे मी नक्की कोणाच्या कैदेत आहे? तुमच्या की तुमच्या मॅनेजरच्या?"

"माझाही पासपोर्ट तिथेच आहे ना," हे म्हणाले.

दोन दिवसांनी ह्यांनीच युक्ती काढली. घरी कोणी सीरियस असेल तर कंपनी पासपोर्ट लगेच देते, आणि परत आल्यावर चार दिवसांत जमा करायचा असतो. तेवढे दिवस बाईला पुरे होते. "तुझी आई आजारी आहे म्हणून सांगतो," म्हणाले.

"माझी का? तुमच्या आईला पाडा की आजारी!"

"माझी पडली तर मला जावं लागेल. तुझा पासपोर्ट मिळायला तुझीच आई हवी."

शनिवारी त्यांनी अर्ज दिला आणि सोमवारी मी मुंबईच्या विमानात. पुण्याला पोचले तर आई भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होती, धडधाकट. मी रडत रडत तिला सगळं सांगितलं. ती हसली. "बरं केलंत. पण पुढच्या वेळी नुसता ताप सांगा गं, सीरियस नको!"

संशय नको म्हणून आठ दिवस राहून, बाईच्या मुदतीच्या आदल्या दिवशी, मंगळवारी अबुधाबीत परत उतरले. टॅक्सी करून तडक लायब्ररीत जायचं ठरवलं होतं. पासपोर्टवरचा हात मी काढला नव्हता.

बाहेर कंपनीचे पीआरओ उभे. कागदपत्रांची कामं बघणारे हैदराबादी काका. कोणी पाठवलं नव्हतं त्यांना, आपणहून आले होते. हातात चहाचा थर्मास.

"बेटी, अम्मी कैसी हैं अब? मेरी बीवी रोज दुआ कर रही है."

मला रडूच फुटलं. त्यांना वाटलं, आईसाठी रडतेय. डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लाओ, पासपोर्ट मैं ही जमा कर देता हूँ. तुम लोगों को इस परेशानी में कहाँ याद रहेगा."

दोन दिवसांनी देते काका. एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी नाही म्हटलं नसतं. पण जिच्यासाठी त्यांची बायको दुआ करत होती ती माझी आई पुण्यात ठणठणीत होती, आणि कशाला हवाय म्हणाले तर सांगायला आणखी एक खोटं माझ्या तोंडून निघेना. मी पर्स उघडली आणि पासपोर्ट माझ्या हाताने त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी कपात चहा ओतून दिला. तोही मी प्यायले.

बुधवारी मी लायब्ररीत गेले नाही. दुपारी फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. बाईचाच असणार. मी शेजारी बसून होते, उचलला नाही.