व्याह्यांनी सोडलेली जागा

रिकाम्या जागेवर जीव लावणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितलाय, आणि तो नेमका माझ्याच बेसमेंटमध्ये राहायला आला. ते माझे व्याही. माझ्या मुलीचे सासरे. आता मुलीकडच्या माणसाने व्याह्यांबद्दल चारचौघांत असं बोलू नये हे मला कळतं. पण मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. म्हणजे मी आठवीत सोडली, शाळेने मला सातवीतच सोडलं होतं. त्यामुळे कुठे काय बोलावं हे ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशी मी बहुतेक वसईच्या खाडीत पोहत असेन. व्याहीसुद्धा आमच्या वसईचेच, पण शिकलेले. ओटावात सरकारी नोकरी, गळ्यात आयडी कार्ड, डब्यात सॅलड. असा माणूस पन्नाशी उलटल्यावर एक दिवस नोकरी सोडतो आणि म्हणतो, मला बागा आखायला शिकायचंय. लावायला नाही हं, आखायला. त्याचं मोठं कॉलेज असतं, डिग्री असते, हे मला तेव्हा कळलं. मी इतकी वर्षं समजत होतो की झाड लावायला एक खड्डा लागतो आणि एक झाड लागतं. कॉलेज टोरोंटोत, म्हणून राहायला स्कारबरोचं आमचं बेसमेंट. जावयाने फोनवर विचारलं, चार महिने चालतील ना. त्या चार महिन्यांची तीन वर्षं झाली. पण व्याह्यांना नाही कोण म्हणणार? त्यापेक्षा बेसमेंट आणखी खोल खणणं सोपं.

त्यांचा अभ्यास म्हणजे गोल काढणं. मी बिस्किटांच्या फॅक्टरीतून शिफ्ट करून यायचो, दिवसभर पट्ट्यावरून गोल बिस्किटं जाताना बघून डोळे फिरलेले, आणि खाली बघावं तर व्याही हिरव्या प्लॅस्टिकच्या पट्टीतली भोकं गिरवत कागदभर गोल काढतायत. मोठा गोल म्हणजे झाड, लहान गोल म्हणजे झुडूप, आणि इवलेइवले गोल म्हणजे, मी विचारलं, तर म्हणाले, "गवत." एकेक गवत वेगळं काढायचं! मी म्हटलं, आमच्या फॅक्टरीत या, असे गोल तासाला पोतंभर पाडतो. गोल झाले की नावं पाठ करायची, आणि तीही लॅटिनमध्ये. माझी आजी लॅटिनमध्ये लितानी, म्हणजे संतांच्या नावांची प्रार्थना, म्हणायची, ते सूर माझ्या कानात बसलेले. व्याही खाली येरझाऱ्या घालत एकेक नाव घ्यायचे, थांबायचे, पुढचं नाव घ्यायचे, आणि मी वर जिन्याच्या तोंडाशी बसून प्रत्येक नावाला "आमच्यासाठी विनंती करा" म्हणायचो. बायको आतून ओरडायची की देवाची चेष्टा करू नका. मी म्हणायचो, देव नाही तो, हायड्रेंजिया आहे. पण पहिल्याच वर्षी त्यांची परीक्षा होती त्या दिवशी तिने स्वतःच मेणबत्ती लावली.

मेणबत्तीचा काही उपयोग झाला नाही. झाडांची मांडणी ज्या विषयात करतात त्याच विषयात व्याही नापास झाले, आणि झाले ते आमच्या वसईमुळे. वसईच्या माणसाला रिकामी जमीन बघवत नाही. वाडीत केळीच्या पायाशी अळू, शेवग्यावर पानवेल, पाटाच्या कडेला मिरच्या, आणि तरी बोटभर जागा उरलीच तर बायका तिथे तुळस नाहीतर अबोली खुपसतात. व्याह्यांनी आपल्या नकाशात तेच केलं. गोलाला गोल, गोलावर गोल. त्यांच्या प्रोफेसरबाईंनी, वयाने आमच्या मुलीएवढ्या असतील, शांतपणे विचारलं म्हणे की दहा वर्षांनी ही झाडं कुठे जाणार? झुडूप आज दुकानात केवढं आहे ते काढायचं नसतं, पूर्ण वाढल्यावर केवढं होणार ते काढायचं असतं. लावताना मधे रिकामं दिसलं तरी दिसू द्यायचं. कॉलेजचा नियम असा की त्याच विषयात दुसऱ्यांदा नापास झालं की नाव कटतं. आणि ओटावाच्या विहीणबाईंचा नियम असा की नाव कटलं तर गुपचूप घरी यायचं आणि बागेचा विषय परत काढायचा नाही. व्याह्यांनी हे मला सांगितलं तेव्हा ते बेसमेंटच्या पायरीवर बसले होते आणि हातातला चहा गार झाला होता. मला वाईट वाटलं, आणि खोटं का बोलू, बेसमेंट मोकळं झालं तर तिथे कॅरमबोर्ड कुठे ठेवता येईल हेही त्याच वेळी डोक्यात येऊन गेलं.

त्या दिवसापासून मात्र व्याह्यांच्या अंगात दहा वर्षांनंतरचं जग संचारलं. कुठलीही गोष्ट पूर्ण वाढल्यावर केवढी होईल याचाच विचार. आमच्या सोफ्यावर बसायचे ते एका टोकाला, मधे हातभर जागा सोडून. मी म्हटलं, सरका की इकडे. तर माझ्याकडे वरून खाली बघून म्हणाले, "नको. तुम्ही अजून पसरणार." दुकानात रोप बघावं तसं मला बघितलं त्यांनी! बायकोला एवढं पटलं की पुढचे चार दिवस ती मला वाढताना डाव अर्धाच भरत होती. झाडं तीन, पाच, सात अशी विषम लावायची असतात, म्हणून भाकरीही तीन नाहीतर पाच. चौथी वाढली की ताटात तशीच ठेवायचे, आणि ती फुकट जाऊ नये म्हणून मी खायचो. म्हणजे मी पसरलो त्यात कॉलेजचाही हात आहे. पण कळस झाला तो नातीच्या बाप्तिस्म्याला. आम्हा दोघांची ती पहिली नात, माझ्या मुलीची आणि त्यांच्या मुलाची. मी आपला सोन्याचा इवलासा क्रॉस नेला. व्याह्यांनी खोका उघडला तर आत पांढरा लेसचा फ्रॉक, आठ वर्षांच्या मुलीला होईल एवढा. तीन महिन्यांच्या पोरीला त्यात घातलं असतं तर शोधायला पाद्री लागला असता. ओटावाच्या विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. व्याही ठामपणे म्हणाले, "आज बघू नका. वाढल्यावर बघा."

दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात तो विषय परत द्यायचा आला. या खेपेला खऱ्या घराची खरी बाग आखायची, आणि मनात असेल तर लावूनही दाखवायची. खरं घर म्हणजे आमचं, आणि गिऱ्हाईक म्हणजे मी. व्याह्यांनी माझी रीतसर मुलाखत घेतली. बागेत आल्यावर तुम्हाला काय वाटायला हवं? मी म्हटलं, बसावंसं वाटायला हवं. आणखी काय हवं? प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या मावायला हव्यात. आणि हिवाळ्यात शोव्हल केलेला बर्फ टाकायला कोपरा. त्यांनी ते सगळं अशा तन्मयतेने उतरवून घेतलं की मला वाटलं मी काहीतरी शहाणपणाचं बोललो. मग आम्ही बॅकयार्ड मोजलं. टेप धरायचं काम माझं. तिच्या एका कडेला फूट आणि दुसऱ्या कडेला मीटर होते, आणि मी दर वेळी जो आकडा ठळक दिसेल तो वाचत होतो. पहिल्या नकाशात आमचं बॅकयार्ड एअरपोर्टएवढं झालं. दुसऱ्यांदा मोजताना त्यांनी टेप स्वतः वाचली आणि मला नुसतं खांबासारखं उभं केलं. ते काम मला जमलं.

मे महिन्याचा लाँग वीकेंड झाला, थंडीची भीती गेली, आणि झाडं आली. मधे सर्व्हिसबेरीचं एक झाड, लाल काड्यांची डॉगवुडची तीन झुडपं, पाच हायड्रेंजिया. सगळं कागदाबरहुकूम लावून झालं आणि आम्ही मागे येऊन बघितलं. काळ्या मातीत लांबलांब उभ्या असलेल्या नऊ काड्या. शेजारचा गुजराती कुंपणावरून म्हणाला, "भाईसाब, बाकी का ट्रक कब आएगा?" बायको त्या मातीकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर मी ओळखतो. माझ्या सासूची आहे ती.

जूनच्या सुरुवातीलाच कॉलेजला सुट्टी लागली आणि व्याही ओटावाला गेले. पहिल्या आठवड्यात बायकोने नुसती कोथिंबीर टाकली. म्हणाली, कोथिंबीर म्हणजे काही झाड नाही. मग मेथी, तीही झाड नाही. मग मिरच्या, भेंडी, आणि डॉगवुडच्या मधे अळू. मी तिला थांबवायला गेलो होतो, शपथेवर सांगतो, पण ती म्हणाली तुम्ही पण काहीतरी लावा, आणि माझ्या हातात दुधीची बी दिली. आता माझा हात असा की घरचे मला वाडीत पाऊलसुद्धा टाकू देत नसत. मी पाणी घातलेलं केळं वाळायचं. पण तो दुधी उगवला! जन्मात पहिल्यांदा माझ्या हातून काही वाढत होतं. मी रोज शिफ्टवरून येऊन आधी त्याला बघायचो, मग बायकोला. वेल मोठा झाला, आधार शोधायला लागला, आणि मी मोठ्या कौतुकाने त्याला सर्व्हिसबेरीवर चढवला.

ऑगस्टच्या अखेरीस व्याही परत आले ते प्रोफेसरबाई बाग तपासायला यायच्या आदल्या दुपारी. बॅग हातात तशीच, मागचं दार उघडून उभे राहिले. समोर अख्खी वसई. पाच हायड्रेंजियांपैकी एकही दिसत नव्हती आणि सर्व्हिसबेरीला तीन दुधी लटकत होते. ज्या चुकीसाठी हा माणूस नापास झाला होता तीच चूक आम्ही त्यांच्या पाठीमागे, त्यांच्याच नकाशावर, खतपाणी घालून मोठी केली होती. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, अळू छान आलंय. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आत जाऊन कोयता घेऊन आली आणि म्हणाली, तासाभरात साफ करते. व्याह्यांनी हात आडवा केला.

"विहीणबाई, ठेवा तो. फुलावर आलेला वेल कापायला मी शिकलेलो नाही."

"मग उद्या काय करणार?" मी विचारलं.

"उद्याचं उद्या," ते म्हणाले. सदानकदा दहा वर्षांनंतरचं सांगणारा माणूस, पण उद्याचं काय ते त्याला सांगता येईना.

प्रोफेसरबाई सकाळी आल्या. पायात मातीचे बूट, हातात नकाशा. नकाशा बघायच्या, बॅकयार्ड बघायच्या, परत नकाशा. मला राहवलं नाही. मी पुढे होऊन म्हटलं, "मॅडम, आय अ‍ॅम गिल्टी. दुधी इज माय." बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग दुधीकडे बघितलं, आणि आमच्यात काही नातं असावं असं त्यांना वाटलं असणार. मग त्यांनी व्याह्यांना विचारलं की मागच्या वर्षीचंच परत का? सोडलेली जागा कुठे गेली?

व्याह्यांनी ट्रेसिंग पेपरची गुंडाळी प्लॅस्टिकच्या टेबलावर सोडली. वाऱ्याने कागद उडायला लागला तेव्हा एका टोकावर मला बसवलं. माझ्या पसाऱ्याचा अभ्यासाला झालेला हा एकमेव उपयोग. त्यांनी पेन्सिलीने भराभर गोल काढले. यंदाचे लहान, मधे सगळी भाजी. त्यावर दुसरा कागद, गोल थोडे मोठे, भाजी कमी. मग तिसरा. चौथ्या कागदावर गोल एकमेकांना टेकले आणि भाजी संपली.

"ही झाडं एकमेकांपर्यंत पोचायला दहा वर्षं घेतील," ते म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, पण मला सगळं कळलं. "तोवर मधल्या जागेत विहीणबाईंनी पाहुणे बसवलेत. झाडं सरकली की पाहुणे आपोआप उठतील."

बाईंनी चारही कागद एकावर एक धरून उन्हात बघितले, चांगला वेळ घेतला. मग म्हणाल्या, पास. काठावर, पण पास. आणि तो वेल झाडावरून आजच्या आज उतरवा, फांदी मोडेल. बायकोने त्यांना एक दुधी दिला. मी मात्र वेल उद्या उतरवू म्हटलं, आणि त्या रविवारी फांदी मोडली.

व्याही पुढे यथासांग डिग्री घेऊन लंडनला गेले. लंडन म्हणजे इथलंच, ऑन्टॅरिओतलं. तिथे सार्वजनिक बागा आखतात, ओटावाच्या विहीणबाईही तिकडेच असतात आता, आणि आल्यागेल्याला नवऱ्याच्या बागा दाखवतात म्हणे. बेसमेंटमध्ये कॅरमबोर्ड आलाय. मी एकटाच खेळतो, तरी हरतो. सोफ्यावर बसताना अजून एका टोकाला बसतो, का ते विचारू नका. बॅकयार्ड चौथ्या कागदाच्या जवळ आलंय. हायड्रेंजिया एकमेकींना टेकल्यात, फांदी मोडलेल्या सर्व्हिसबेरीचीसुद्धा सावली पडते, आणि बायकोची भाजी दरसाल आक्रसत आक्रसत या वर्षी दोन मिरच्यांवर आलीय. कोथिंबीर ती बादलीत लावते आणि व्याह्यांच्या नावाने बोटं मोडते. एक काडी उपट म्हटलं तर मात्र उपटत नाही.

गेल्या महिन्यात नात आली होती. बायकोने हौसेने आमच्या कपाटात जपून ठेवलेला तो लेसचा फ्रॉक काढला, आणि मी व्याह्यांना व्हिडिओ कॉल लावला. पोरीने एक हात घातला, दुसरा घालताना अडकली आणि म्हणाली, "आजी, इट्स टू टाइट." फोनमध्ये व्याही पडद्याजवळ सरकून तो फ्रॉक बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे मधे कधीतरी बरोबर बसत असणार." असणार. आम्ही दोघेही वाढल्यावर बघू म्हणत राहिलो, आणि तो दिवस कपाटातच गेला.